जबाबदार व्यक्तीचा डाळभात

“उद्या दुपारी मी स्वयंपाक करतो,” हे वाक्य मी सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, तोंडात टूथपेस्टचा फेस असताना उच्चारलं. तोंडात फेस असताना माणसाने आश्वासनं देऊ नयेत, एवढं तरी पंचेचाळिसाव्या वर्षी मला कळायला हवं होतं.

प्रसंगच तसा होता. सत्र संपून नऊ दिवसांची सुट्टी लागली होती. वसतिगृहातले बहुतेक जण घरी नाहीतर कुठेतरी हिंडायला गेले होते, आणि ज्यांचं घर गाठायला विमान लागतं असे आम्ही चौघेच तिसऱ्या मजल्यावर उरलो होतो. खानावळ बंद. पहिले दोन दिवस आम्ही सुट्टी अगदी मन लावून उपभोगली. उशिरा उठलो, दुपारी पुन्हा झोपलो, व्हरांड्यातल्या हीटरला पाय लावून पत्ते खेळलो आणि पाव, मुरांबा, अंडी, पुन्हा पाव असं खात राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला निघालो, तर व्हरांड्याच्या टोकाला खिडकीशी गप्पू उभा होता आणि कोरडा पाव खात होता. मुरांबा संपला नव्हता. बरणी त्याच्या हाताशी होती. तरी तो कोरडाच खात होता आणि बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं म्हणजे सायकली लावायची जागा आणि एक कचऱ्याचा डबा. ते पाहून माझ्या तोंडून वरचं वाक्य गेलं.

गप्पू हे नाव त्याला आम्ही ठेवलं होतं. गप्पा मारतो म्हणून नव्हे, गप्प बसतो म्हणून. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. पत्त्यांत हरेक डाव जिंकायचा आणि जिंकल्यावर काही गुन्हा केल्यासारखा खाली मान घालून पत्ते पिसायला घ्यायचा. दुसरा लांबू. हा वास्तुकला शिकत होता. त्याला कुठल्याही दारातून वाकून आत यावं लागे आणि आत आला की तो त्या खोलीच्या मांडणीतल्या चुका सांगे. तिसरी औषधवाली. ती औषधनिर्माण शिकत होती आणि कुठलीही गोष्ट ग्रॅममध्ये सांगितल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. चौथा मी, मास्तर. एकवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर एका शिष्यवृत्तीने मला वर्षभरासाठी परदेशात आणून पुन्हा बाकावर बसवलं होतं. ही तिघं मला अहोजाहो करत, आणि मीही त्यांच्याशी वयाला शोभेल असं वागत असे. त्या शोभण्याच्या भरात, सत्राच्या सुरुवातीला कधीतरी मी सांगून बसलो होतो की आमच्या घरी रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो.

रविवारी माझ्याकडे असतो तो पेपर. स्वयंपाकघराची मला असलेली माहिती म्हणजे पिण्याचं पाणी डावीकडे असतं, एवढीच.

तेव्हा तोंड धुऊन झाल्यावर मी पहिलं काम केलं ते घरी फोन लावायचं.

“स्वयंपाक करायचाय,” मी म्हणालो.

 “कोणाला?” ही म्हणाली.

“मला. म्हणजे मी करणार. चार माणसांचा.”

“त्या माणसांना माहीत आहे?”

एकोणीस वर्षांच्या संसारात हिने मला दुखवायला कधी आवाज चढवलेला नाही. मी शांतपणे सांगितलं की डाळ, भात आणि बटाट्याची भाजी, एवढंच करायचंय आणि मला फक्त प्रमाण हवंय.

“भाताला माणशी अर्धी वाटी तांदूळ. डाळ त्याच्या निम्मी. मीठ अंदाजाने.”

“अंदाज म्हणजे किती?”

“अंदाज म्हणजे अंदाज.”

“अगं, पण मला तोच तर नाही.”

“ते मला ठाऊक आहे,” ही म्हणाली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू काहीतरी मागायला आमच्याकडे आल्या, त्यांनी फोन हातात घेतला. त्यांनी सांगितलं की डाळ आदल्या रात्री भिजत घालावी. त्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज आला की डाळ कधीही भिजत घालू नये, तिचा कस जातो. त्यावर त्या दोघींचं आपसांत सुरू झालं. मी पाच मिनिटं ऐकत राहिलो. शेवटी कोणीतरी फोन ओट्यावर ठेवून दिला असावा, कारण मला बराच वेळ नळाचं पाणी ऐकू येत होतं.

इकडे तांदूळ आणले, डाळ आणली, बटाटे, कांदे, टोमॅटो, तेल, सगळं आणलं, आणि चौघंही पिशव्या घेऊन मजल्यावरच्या स्वयंपाकघरापाशी गेलो तर दाराला कुलूप. वर कागद चिकटवलेला: ‘सुट्टीच्या काळात बंद. चौकशी कार्यालयात.’

गप्पूला पिशव्यांपाशी ठेवून आम्ही तिघं खाली कार्यालयात गेलो. तिथे व्यवस्थापिकाबाई होत्या. बाई वाईट नव्हत्या. मी आयुष्यात जितकी कार्यालयं पाहिली त्यांत मला अडवणारं माणूस क्वचितच वाईट निघालंय. वाईट असतो तो अर्ज. बाईंनी समजावून सांगितलं की सुट्टीत स्वयंपाकघर उघडता येतं, पण त्यासाठी मजल्यावर एक जबाबदार व्यक्ती लागते, आणि त्या व्यक्तीने दोन दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.

अर्ज चार पानी होता. ‘स्वयंपाकाचा प्रकार: उकळणे, परतणे, तळणे, भाजणे, अन्य.’ मी उकळणे आणि परतणे यांवर खूण केली. ‘अपेक्षित वास: सौम्य, मध्यम, तीव्र.’ इथे आमच्यात चर्चा झाली. लांबूचं म्हणणं, वास हा खोलीच्या उंचीवर अवलंबून असतो. औषधवाली म्हणाली, मध्यम लिहा, मध्यमावर कोणी आक्षेप घेत नाही. मग आला रकाना सहावा: ‘पाककलेचा अनुभव, वर्षांमध्ये.’

दोघं माझ्या खांद्यावरून बघत होती. लांबू तर लांबूनच बघू शकत होता. मी लिहिलं, एकोणीस.

एकोणीस वर्षं मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहिलो होतो. ते अगदीच खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं.

बाईंनी तो रकाना वाचला आणि त्या खुर्चीत सरळ बसल्या. इतकी वर्षं अनुभव असलेला माणूस वसतिगृहाला अजून मिळाला नव्हता म्हणे. तेव्हा मी केवळ या जेवणापुरता नव्हे, तर सुट्टी संपेपर्यंत पूर्ण इमारतीची ‘जबाबदार व्यक्ती’ झालो. मला एक पिवळं जाकीट मिळालं, एक शिट्टी मिळाली आणि सतरा नियमांचं एक पुस्तक मिळालं. जाकीट स्वयंपाकघरात पूर्णवेळ घालायचं. शिट्टी गळ्यात. शिवाय बुधवारी सकाळी दुरुस्तीवाल्या मिस्त्रींकडून आग विझवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि मग गुरुवारी एक वाजता जेवायला हरकत नाही.

मजल्यावर परत येऊन मी हे जाहीर केलं. गप्पू हीटरपाशी बसला होता.

“गुरुवारी?” त्याने विचारलं.

“हो. का रे, काही अडचण?”

“नाही.” मग थोडं थांबून, “गुरुवारी किती वाजता म्हणालात?”

“एक.”

“बरं. जमेल,” तो म्हणाला आणि उठून खोलीत गेला. त्याच्या बाबतीत हे लांबलचक भाषण होतं. मला बरं वाटलं. मला वाटलं, पोरगं जेवणाची वाट बघतंय.

थोड्या वेळाने तोच माझ्या दारात आला. हातात एक जाड बुडाचं मोठं पातेलं होतं. “तुम्हाला लागेल,” तो म्हणाला. “राहू दे तुमच्याकडेच.” इथल्या दुकानातलं दिसत नव्हतं, चांगलं वापरलेलं, घासून घासून झिजलेलं होतं. मी आभार मानले आणि त्यात माझे मोजे भिजत घातले. ते नंतर मी चारदा धुतलं, हे कबूल करून टाकतो.

बुधवारचं प्रशिक्षण पार पडलं. मिस्त्री साठीचे होते आणि आयुष्यभर लोकांनी मोडलेल्या वस्तू बघून त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी आगीवर टाकायचं कांबळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “समजा ही शेगडी पेटलीय. टाका.” मी टाकलं. ते शेगडीवर न पडता मिस्त्रींवर पडलं. कांबळ्याच्या आतून ते म्हणाले, “पुन्हा.” सहाव्या वेळी जमलं. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली आणि पेन खिशाला लावत म्हणाले, “एक ऐका मास्तर. शक्यतो कच्चंच खा.”

त्याच दुपारी औषधवाली माझ्या खोलीत आली. लांबूही मागोमाग वाकून आत आला. तिने दार लावून घेतलं.

“मास्तर, गप्पूने तुम्हाला काही दिलं का?”

“पातेलं.”

“मला टेबलावरचा दिवा दिला. याला छत्री.”

“नवी छत्री,” लांबू म्हणाला. “मी म्हटलं, तुला नको? तर म्हणाला, लागणार नाही.”

“माणूस आपल्या वस्तू वाटायला लागला की त्याच्याकडे नीट बघावं, असं आम्हाला शिकवतात,” ती म्हणाली. तिने यात कुठेही ग्रॅम आणला नाही, त्यामुळे मला भीती वाटली.

आम्ही तिघं बराच वेळ बसलो. कोणीतरी जाऊन त्याला विचारायला हवं, यावर एकमत झालं. कोणी, यावर झालं नाही. लांबूचं म्हणणं, मोठे म्हणून तुम्ही विचारा. माझं म्हणणं, बरोबरीचे म्हणून तुम्ही. मी एकवीस वर्षं वर्गात मुलांना ‘काय झालं’ असं विचारत आलोय. पण तिथे माझ्या हातात खडू असतो, आणि उत्तर आलं नाही तरी तास संपायची घंटा होते. शेवटी ठरलं, उद्या जेवताना, सहज विषय काढून विचारू. आम्हाला तिघांनाही सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी दहा वाजता मी पिवळं जाकीट चढवलं, शिट्टी गळ्यात अडकवली आणि शेगडीसमोर उभा राहिलो. औषधवालीने कांदे अगदी सारखे चिरून दिले. लांबूने भांडी कुठे ठेवली म्हणजे माझी ये-जा कमी होईल याचा नकाशा काढला आणि त्याप्रमाणे सगळी भांडी माझ्या हाताबाहेर ठेवली. मग मी दोघांनाही बाहेर जायला सांगितलं. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात उभं राहू नये असं नियम अकरा सांगत होता, आणि मला फोनवरून हिला जे विचारायचं होतं ते त्यांच्यासमोर विचारता आलं नसतं. हिने फोन उचलला नाही. ती कामावर गेली होती.

माणशी अर्धी वाटी. माझ्याजवळ वाटी नव्हती. कॉफीचा मग होता. मी चौघांचे दोन मग तांदूळ घेतले, जरा कमी वाटले म्हणून अजून एक, आणि गप्पू नीट जेवत नाही म्हणून त्याच्या नावाने एक. साडेअकराला तांदूळ पातेल्याच्या काठाशी आले. मी थोडे दुसऱ्या भांड्यात काढले. तिथेही ते वाढले. बारा वाजता माझ्याकडे भाताची तीन भांडी होती आणि चौथं भांडं म्हणून मी विजेच्या किटलीकडे बघत होतो.

डाळीचं उलट. ती शिजायला तयार नव्हती. भांड्यातल्या भाताला जी प्रगतीची हौस होती त्यातली काडीमात्र डाळीला नव्हती. मी तिला दीड तास उकळली. टोमॅटो घातल्याने रंग आला होता, पण दाणा दाताखाली घेतला की खड्यासारखा कडकन वाजे. मी डाळीवर लक्ष ठेवून राहिलो. माणसाने एका वेळी एकाच संकटावर लक्ष ठेवावं, हा माझा स्वभाव. दुसऱ्या शेगडीवर बटाट्यासाठी कांदा परतायला टाकलाय, हे मी विसरलो.

बारा चाळीसला धोक्याची घंटा वाजली.

आग नव्हती, हे मी आजही ठामपणे सांगतो. धूर होता. पण धूर पुष्कळ होता. मी शेगडी बंद केली, कढई कांबळ्याखाली झाकली, पहिल्याच प्रयत्नात झाकली, आणि नियम तीनप्रमाणे शिट्टी वाजवत सगळ्यांना जिन्याने खाली नेलं. नियम पाचप्रमाणे हिरवळीवर उभं राहून माणसं मोजली. लांबू. औषधवाली. व्यवस्थापिकाबाई. मिस्त्री, जे माझ्याकडे न बघता आकाशाकडे बघत होते. मी.

गप्पू नव्हता.

मी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. औषधवालीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

नियम सात स्पष्ट होता: एकदा बाहेर आल्यावर जबाबदार व्यक्तीने कोणत्याही कारणास्तव आत जाऊ नये. बाईंनी तो मला ऐकवलाही. मी आत पळालो. तीन मजले मी कसे चढलो मला आठवत नाही. चढताना मी देवाशी काहीतरी ठराव करत होतो, एवढं आठवतं. घंटा कानठळ्या बसवत होती. गप्पूचं दार मी ठोठावलं नाही, ढकललं.

तो खाटेवर बसला होता. गादी गुंडाळलेली. भिंती मोकळ्या. दोन बॅगा बांधून दाराशी ठेवलेल्या, आणि तो कोट, बूट घालून, मांडीवर हात ठेवून, एखाद्या स्टेशनात बसावा तसा बसला होता.

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. धापही लागली होती आणि दुसरंही काहीतरी.

“आग लागलीय?” त्याने विचारलं.

“नाही. कांदा लागलाय.”

“मला वाटलं घंटा तपासतायत.” तो उठला. माझी नजर बॅगांवर गेलेली त्याने पाहिली. “मी घरी चाललोय मास्तर. अडीचची बस आहे विमानतळाची. कालचंच तिकीट होतं. तुम्ही जेवायला बोलावलं म्हणून एक दिवस पुढे केलं. जेवून निघणार होतो.”

“परत कधी येणार?”

तो कोटाची बटणं लावू लागला. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ काही असायला हवं होतं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी निरोप समारंभाची भाषणंच शंभरेक केली असतील. मी म्हणालो, “खाली चल. नियम आहे.” आणि आम्ही खाली आलो. जिन्यात मी त्याचा दंड धरला होता. तसं करायचं काही कारण नव्हतं. त्याने सोडवून घेतला नाही.

तोवर अग्निशमन दलाची गाडी आली होती. घंटा थेट त्यांच्याकडे वाजते, हे पुस्तकातल्या सतराव्या नियमात होतं आणि मी सोळापर्यंतच वाचलं होतं. त्यांचे अधिकारी दोन माणसं घेऊन वर गेले आणि दहा मिनिटांनी माझी कढई हातात घेऊन खाली आले.

“हे काय होतं?”

“कांदा.”

त्यांनी पुन्हा आत पाहिलं. “कधी?”

 त्यांनी कागद काढला. इमारत पुन्हा उघडायची तर जबाब आणि सही लागत होती. ‘घटनेस कारणीभूत व्यक्ती’ या रकान्यात त्यांनी माझं नाव घातलं. त्याखाली ‘इमारतीची जबाबदार व्यक्ती’ होतं. त्यांनी विचारलं, कोण? बाईंनी माझ्या जाकिटाकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यांनी दोन्ही रकाने, मग मला, मग पुन्हा रकाने पाहिले.

“यांना नेमलं कोणी?”

“मी,” बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “यांना पाककलेचा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. अर्जात लिहिलंय.” आणि त्यांनी तो अर्ज काढून दाखवला. बाई अर्ज जवळ बाळगूनच होत्या; त्या अनुभवाच्या भरवशावर दुपारी त्या स्वतःही माझ्या हातचं चाखायला येणार होत्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. समोर तांबड्या गाडीपाशी तीन माणसं, हिरवळीवर चार, आणि माझ्या शेजारी कोट घातलेला गप्पू. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. भूगोलाच्या मास्तराला हे मागणं फारसं अवघड वाटत नाही. पण त्या भागात जमीन पक्की होती.

“ते खोटं आहे,” मी म्हणालो. “मला स्वयंपाक येत नाही. चहासुद्धा येत नाही. एकोणीस वर्षं मी नुसता जेवतोय. या मुलांसमोर मोठेपणा केला आणि मग मागे फिरता आलं नाही.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, ‘नुसता जेवतोय’ इथे थांबून मला पुन्हा विचारलं, आणि कागद सहीला पुढे केला.

मी घड्याळ पाहिलं. दोनला वीस मिनिटं होती. मी कागद सावकाश वाचायला घेतला असता, चार शंका काढल्या असत्या, तर अडीचची बस गेली असती. त्या बॅगा आतच अडकल्या असत्या. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला स्पष्ट आला. पण कोणाला असं कोंडून ठेवायचं नसतं. मी न वाचता सही केली. आयुष्यात पहिल्यांदा.

“जा,” मी गप्पूला म्हणालो. “बॅगा घे. वेळ आहे अजून. जेवणाचं राहू दे.”

तो वर गेला. आम्ही मागून गेलो, सावकाश, कारण त्याला निरोप काय द्यायचा हे तिघांनाही सुचत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर बॅगा दाराशी तशाच होत्या आणि स्वयंपाकघरात झाकण वाजलं.

तो डाळीच्या भांड्यावर वाकला होता.

“टोमॅटो आधीच घातलात?” त्याने मान वर न करता विचारलं.

“हो.”

“आंबट आधी पडलं की डाळ शिजत नाही. संध्याकाळपर्यंत अशीच राहिली असती.” त्याने कोट काढून खुर्चीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि चमच्याने टोमॅटोच्या फोडी एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. “खाण्याचा सोडा आहे का?”

औषधवाली धावत गेली. तिने येऊन विचारलं, किती ग्रॅम. तो म्हणाला, चिमूटभर.  तिने चिमूटभर दिला.

“तुला येतं हे?” मी विचारलं.

“आई आजारी असायची. धाकट्या दोघांचा स्वयंपाक मीच करायचो, सातवीपासून.” त्याने शेगडी मंद केली. मग पातेल्यात बघत, त्याच आवाजात, तो म्हणाला, “मी नापास झालोय मास्तर. दुसऱ्यांदा. पुढच्या सत्राला बसता येणार नाही. घरी माहीत नाही. घरी वाटतंय मी पहिला येतो.”

भाताच्या तीन भांड्यांमध्ये आम्ही उभे होतो. लांबू दारात वाकलेला होता तो तसाच राहिला.

“मी पण मोठेपणाच केला,” गप्पू म्हणाला. “तुम्ही खाली सगळ्यांसमोर सांगून टाकलंत. मला वाटलं होतं, असं सांगितल्यावर माणसाला काहीतरी होत असेल.”

“झालं ना,” मी म्हणालो. “लाज वाटली.”

“मग?”

“मग काय. अजून वाटतेय. पण उभा आहे.”

तो डाळ ढवळत राहिला. अडीच वाजले. बस वसतिगृहाच्या कोपऱ्यावरून गेली असणार, कोणी खिडकीशी गेलं नाही. औषधवालीने स्वतःच्या फोनवरून त्याचं तिकीट शनिवारचं करून घेतलं. लांबूने कढई घासायला घेतली. ती वाचणार नाही हे त्यालाही दिसत होतं. गप्पूने बटाटे नव्याने चिरले, कांदा पुन्हा परतला, आणि मला एकच काम दिलं, मीठ.

“किती?” मी विचारलं.

“घाला. मी थांबवतो.”

साडेतीनला आम्ही जेवायला बसलो. बाईंना बोलावलं, मिस्त्रींना बोलावलं, तरी भात उरला. मिस्त्रींनी डाळ दोनदा मागून घेतली आणि कोणी केली ते विचारलं. गप्पूकडे बघून त्यांनी मान हलवली. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. जेवण झाल्यावर बाईंनी माझ्याकडून जाकीट आणि शिट्टी परत घेतली, पोच लिहून दिली.

मग गप्पूने घरी फोन लावला. खोलीत गेला नाही. तिथेच, खरकट्या ताटांसमोर बसला. आम्ही उठायला लागलो तर त्याने हातानेच बसा म्हणून खुणावलं. पलीकडे त्याचे वडील होते. त्यांचं सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. मागे हातोडीचा आवाज ऐकू येत होता.

“बाबा, मी नापास झालो,” तो म्हणाला. “आधीही झालो होतो. सांगितलं नाही.”

हातोडी थांबली.  मग ते म्हणाले, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, “शनिवारी विमान किती वाजता उतरतं? मी एकटाच येतो. आईला आपण दोघं मिळून सांगू.”

शनिवारी दुपारी आम्ही त्याला बसमध्ये बसवून दिलं. बस सुटेपर्यंत लांबू खिडकीतून त्याच्याशी बोलत होता. त्याच्या उंचीचा तेवढा एक उपयोग झाला.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी मला एक फोन आला. ओळखीचा नंबर नव्हता. मागे हातोडी वाजत होती.

“मास्तर का?”

“हो, बोला.”

“तो म्हणाला, तुम्हाला फोन करा.” गप्पूचे वडील. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. “सध्या दुकानात बसतो माझ्याजवळ. बोलत नाही फार. काल रात्री स्वयंपाक त्याने केला. परीक्षेचं नंतर बघू म्हणतो. मी म्हटलं, बघू.”  “एक विचारायचं होतं. तो तिथे एकटाच असायचा का?”

काही तरी बरं सांगावं असं फार वाटलं. पण मी म्हणालो, “हो. बहुतेक वेळ खोलीतच असायचा.”

“आम्हाला फोनवर सांगायचा, मित्र खूप आहेत.”

“होते,” मी म्हणालो. “तिघं होतो. पण दाराशी जायला आम्ही उशीर केला.”

 ते रागावले असतील असं मला वाटलं, आणि तो त्यांचा हक्क होता. हातोडी एकदा वाजली, थांबली.

“तुम्ही तिथे शिकवता का?”

“नाही हो. मीही विद्यार्थीच आहे.”

“असं?” त्यांचा आवाज बदलला. “मग तुमचीही परीक्षा असेल.”

“आहे. आमची सुट्टीनंतर असते. परवा.”

“अभ्यास झाला?”

पंचेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाने द्यायची उत्तरं माझ्या जिभेवर होती. मी म्हणालो, “नाही.”

“काहीच नाही?”

“पहिली दोन प्रकरणं झालीत.”

“मग फोनवर काय बोलत बसलात,” ते म्हणाले. “बसा बघू अभ्यासाला. पास-नापास ते नंतर. आधी बसा.”

“हो,” मी म्हणालो, आणि फोन ठेवून बसलो.